अर्धी लाईन

बस्त्याव गेला हे मला दूधवाल्याकडून कळलं. दहा मिनिटांवर त्याचं घर, तीस वर्षांची मैत्री, आणि मला दूधवाला सांगतोय... कारण सरळ होतं. मी रुसलो होतो. निवृत्त मास्तर, सदुसष्ट वर्षांचा घोडा, मासे मारायच्या लाईनीवरून रुसून महिनाभर त्याच्या दारात गेलो नव्हतो.

बस्त्याव शिंपी. गळाचं वेड आम्हा दोघांना, अक्कल मात्र त्याची. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाईन मालवणात मिळायला लागली तेव्हा नायलॉन टाकून देणारा पहिला तोच. नायलॉन ताणतं, ही ताणत नाही. मासा नुसता तोंड लावून गेला तरी बोटाला कळतं, म्हणून तो खूश. खाडीत बारीक, वीस पौंडांची ओढ सोसणारी लाईन आणि छोटं रीळ. समुद्रातल्या खडपावरून, खडकांवर उभं राहून टाकायचं तर पन्नास पौंडी, मोठं रीळ, आणि टोकाला जाड नायलॉनचा तुकडा, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासली की ही लाईन पटकन तुटते. मी एकदा शहाणपणा करून छोट्या रिळावर पन्नास पौंडी भरली. जेमतेम साठ मीटर बसली. मास्तराने पोरीच्या झग्याला ताडपत्रीचा दोरा लावला, असं तो आठवडाभर बाजारात सांगत फिरला.

लाईन तीनशे मीटरची मिळते, आमच्या खाडीच्या रिळांना दीडशे पुरते. म्हणून एकच घ्यायची आणि अर्धी अर्धी करायची. भरताना त्याने दुकानातून आणलेला लाईनीचा स्पूल धरून लाईन दोन बोटांत दाबायची, मी रीळ फिरवायचं. सैल भरली तर मोठा मासा लागल्यावर वरचे वेढे खालच्यांत रुततात. त्याच्या बोटांतून आलेली लाईन कधी रुतली नाही.

गेल्या खेपेला मी नवी घेऊन गेलो, तर मान न उचलता म्हणाला, "माका अर्धी नको रे. आख्खी तूच ठेव." तो मशीनपाशी बसला होता आणि मशीनवर कापड नव्हतं. मला ते दिसलं, पण विचारलं नाही. याला आता मी नको झालो, एवढंच घेऊन बसलो. बोलावेल तेव्हाच जाऊ, म्हटलं...

तो गेल्याचं कळल्यावर, परवा धीर करून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको फिलोमिना पडवीत होती. ती लाईन माझ्या पिशवीत तशीच होती. मी माझं गाऱ्हाणं तिलाच ऐकवलं, लाज नाही मला.

"मास्तरांनू, साखरेच्या दुखण्यान तेच्या बोटांक दोरो कळणा नाय झालेलो," ती म्हणाली. "सुयेत दोरो मीच ओवून देय होतंय. तुमका सांगूची लाज वाटा होती तेका."

मला रडू आलं, तिच्यासमोरच. तिने पिशवीतून स्पूल काढला आणि म्हणाली, मी धरते, भरा तुम्ही. दाबून धरायचं तिला ठाऊक नव्हतं. लाईन ढिली येत होती, रिळावर फुगून बसत होती. एक शब्द बोललो असतो तर तिने घट्ट धरली असती. मी तशीच भरत राहिलो.

दीडशे मीटर झाली तसा मी थांबलो.

"तोडूची?" तिने विचारलं.

उरलेली अर्धी त्याची होती. मला हो म्हणता येईना.