पालथ्या चपला

थायलंडमधल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात आम्ही दोघांनी सगळ्यांत स्वस्त खोली घेतली. दाराबाहेर कुणाच्या तरी रबरी चपला पालथ्या पडल्या होत्या. बायकोने सवयीने त्या सरळ केल्या. पालथ्या चपलेने घरात भांडणं होतात, असं तिची आई म्हणते.

मालकीण धावत आली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "राहू दे, पोरी! तो पोहायला गेला तो आलाच नाही. सरळ दिसल्या तर घालायला येईल." तिने त्या पुन्हा पालथ्या केल्या.

पाठीवरच्या सॅकमध्ये कपडे मोजकेच मावतात, आईच्या समजुती मात्र सगळ्या मावतात. परक्या दारात त्यांचा अर्थ कोण काय लावेल, सांगता येत नाही.

सकाळी त्या चपला तशाच पालथ्या होत्या. बायकोच्या मात्र कुणीतरी नीट जोडून, समुद्राकडे तोंड करून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरची वाळू अजून ओली होती.