मावशीचे पोकळ गोल

मला रिकामा रकाना बघवत नाही. बँकेचा फॉर्म असो, रेशनचा असो की पोराच्या शाळेचा, कुठं चौकोन कोरा दिसला की माझे हात शिवशिवतात. घरचे चिडवतात की हिच्या हातात लग्नपत्रिका दिली तरी ही पेन शोधेल. या खोडीमुळेच मला नोकरी लागली आणि या खोडीमुळेच मी एका बाईची नोकरी जवळजवळ घालवली होती. ती बाई अजूनही माझ्याशी बोलते, हे तिचे उपकार.

सौसरजवळच्या एका सूतगिरणीत मी तपासणीच्या कचेरीत काम करते. घर पांढुर्ण्याला, रोज बसनं जाणं-येणं. पहिली दोन वर्षं माझं काम अगदी सरळ होतं. खाली कारखान्यात चार टेबलांवर बायका तयार सुताचे कोन तपासत. कोन म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर गुंडाळलेलं सूत. जो दोष सापडेल तो कागदावर टिपायचा, पाळी संपली की कागद जिना चढून माझ्याकडे यायचे, आणि मी ते संगणकात चढवायचे. डाग किती, गाठी किती, तुटका धागा किती. शेवटच्या रकान्यावर ‘हातदाब’ असं छापलेलं होतं. तो काय प्रकार आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. मी डिप्लोमावाली, मी कशाला विचारते!

चौथ्या टेबलाचा कागद घेऊन जी मावशी यायची ती लोधीखेड्याची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारीक. आमच्या पंधरा पायऱ्या चढताना ती दोनदा थांबून खोकायची. आधी ती कापूस पिंजायच्या खात्यात होती. तिथल्या धुळीनं छाती धरली, म्हणून डॉक्टरची चिठ्ठी दाखवून तिला हे टेबल मिळालं होतं. वर आली की “जयभीम म्याडम” म्हणायची आणि संत्र्यांचे दिवस असले तर पिशवीतून दोन संत्री काढून कागदावर ठेवायची. म्हणायची, “पंख्यानं उडून जाईन, दाबून ठेव.” संत्री मी आवडीनं खायची आणि कागदावर मात्र चिडायची.

मावशीला लिहिता येत नव्हतं. डाग, गाठी, तुटका धागा यांच्या रकान्यात ती उभ्या रेघा ओढायची, एका दोषाला एक रेघ. त्या मी मोजून घ्यायची. शेवटच्या रकान्यात मात्र गोल असायचे. कधी एक, कधी तीन, एखाद दिवशी पाच-सहा ओळीनं. मला वाटायचं, शून्य एकदा लिहिलं काय आणि पाचदा लिहिलं काय, शून्य ते शून्यच. बाईला हौस असेल! मी संगणकात एक शून्य ठोकून मोकळी व्हायची. कधी तो रकाना कोराच यायचा. तिथंही मी शून्य घालायची, पण तो कोरा चौकोन माझ्या डोक्यात जायचा. एक दिवस मी तिला ऐकवलंच.

“मावशी, रिकामं कायले सोडता? शून्य तरी टाकत जा ना!”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चोरी करायला सांगत होते. म्हणाली, “निघालाच नाई त कसा टाकू वं बाई?”

मी कपाळाला हात लावला. पायऱ्या उतरताना तिनंही लावला असेल.

मग गिरणीत टॅब आले. कागद बंद, प्रत्येक टेबलावर एक टॅब, दोष दिसला की तिथल्या तिथं बोटानं नोंद. आमचे साहेब बाहेरगावचे, कमी बोलणारे, हिंदीतून बोलणारे. टॅबवर कोणते दोष ठेवायचे हे ठरवायला त्यांनी माझ्याकडून दोन वर्षांचा अहवाल मागवला. मी तो रंगीत आलेख वगैरे काढून झोकात दिला. त्यात चौथ्या टेबलाचा हातदाब म्हणजे नुसत्या शून्यांची रांग होती. ज्या तपासणीत दोन वर्षांत काही निघालंच नाही ती ठेवायची कशाला, असं साहेब म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलंही नाही. रकाना गेला. हातदाब फक्त चौथ्या टेबलावरच व्हायचा, म्हणून रकान्याबरोबर ते टेबलही जाणार होतं. पोळ्यानंतरच्या सोमवारपासून मावशीला परत पिंजणखात्यात पाठवायचं ठरलं.

मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. तिचा खोकला मी रोज ऐकत होते. पण अहवाल तो अहवाल, असं म्हणून मी गप्प बसले.

सोमवारपर्यंत चारही टेबलांवर टॅब वापरून पाहायचे होते, आणि बायकांना ते शिकवायचं काम माझ्यावर आलं. दोन वर्षांत मी खाली किती वेळा गेले असेन, बोटांवर मोजावं लागेल. पोळ्याच्या दोन दिवस आधी चौथ्या टेबलाशी गेले. मावशीनं पडद्यावरची चित्रं एकेक करून ओळखली. हा डाग, ही गाठ, हा तुटका धागा. मग तिचं बोट हवेतच थांबलं. टेबलावर सूत येत राहिलं, कोन साचायला लागले, पण ती कशालाच हात लावेना.

“काय पाहून राहिल्या मावशी? दाबा ना.”

“पोचट कुठं हाये यात?”

“पोचट म्हणजे?”

तिनं एक कोन माझ्या हातात दिला, माझा अंगठा धरला आणि पोटाशी दाबला. “हे पाह्य. वरून कसा गरगरीत दिसते. काट्यावर ठेव, वजन बी बरोबर. पण दाब बरं, आतून पोचट हाये. ढिला गुंडाळला त्यानं. मशिनीवर चढवला का ढासळते, मंग सारा गुंता होते.”

मी दाबून पाहिलं. मला काही कळलं नाही. तिनं दुसरा कोन दिला, तोही दाबला, आणि पुन्हा पहिला. तेव्हा कुठं अंगठ्याला फरक लागला. भुईमुगाची शेंग फोडायच्या आधीच हाताला कळतं ना की आत दाणा नाही, तसं.

“असे कोन तुम्ही रोज काढता?”

“त मंग कायले बसवलं मले इथं? काढतो अन् वापस पाठवतो, गुंडाळाले.”

“पण कागदावर तर कधी लिहिलं नाही तुम्ही!”

“लेहता कुठं येते मले? गोल काढत होती ना मी. जितके पोचट, तितके गोल. आतून पोकळ, म्हणून पोकळ काढला.” आणि मग जरा हसून, “तू तर रोज पाहे.”

मी काहीतरी पुटपुटून वर निघून गेले. त्या कोऱ्या रकान्यावरून मी तिला झापलं होतं, ते आठवून कानशिलं तापली. ज्या दिवशी एकही पोचट कोन निघाला नाही, त्या दिवशी मी तिला खोटा गोल काढायला सांगत होते. आणि ज्या दिवशी पाच निघाले, त्या दिवशी मी लिहिलं होतं की काही निघालं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा-सावरगावची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. आमच्या बाजूचे निम्मे लोक त्या दिवशी कामावर येत नाहीत. मी मात्र पहिल्या बसनं निघून आले. जुने कागद गठ्ठे बांधून जिन्याखाली पडले होते, रद्दीवाला यायचाच होता. मी फरशीवर बसून एकेक गठ्ठा सोडला. गोल, गोल, गोल. मावशीनं ते मन लावून काढले होते. एकही गोल अर्धवट सोडलेला नव्हता, सुरुवात आणि शेवट नीट जुळवलेला. मी दुपारपर्यंत ते पाहत बसले आणि शेवटी रडले. लाज वाटली म्हणून रडले.

जेवणाच्या सुट्टीत मावशी बाहेर लिंबाखाली डबा उघडून बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि एका दमात सांगून टाकलं. तुमचे गोल मी शून्य समजले, तसेच चढवले, म्हणून टेबल बंद होऊन राहिलं, म्हणून तुम्हाला धुळीत पाठवून राहिले.

भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

“म्हंजे दोन वर्सं मी काईच नाई केलं?” तिनं विचारलं.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी मान खाली घातली. म्हटलं, “तुम्ही केलं मावशी. मी पुसलं.”

“मंग आता?”

“आता साहेबाकडे जातो मी. सांगतो, चूक माझी हाये म्हणून.”

तिनं डबा बंद केला, पदराला हात पुसले आणि उठली. “एकटी नको जाऊ. तुले बोलन तो. मी बी येतो.”

या वाक्याचं ऋण मी कशानं फेडू, मला अजून कळलेलं नाही. जिची छाती माझ्या शून्यांमुळे पुन्हा धुळीत जाणार होती ती बाई मला बोलणी बसू नयेत म्हणून पंधरा पायऱ्या चढली. दोनदा थांबली, खोकली, आणि बगलेत दोन कोन घेऊन साहेबांच्या दारात माझ्या पुढे उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. गठ्ठे दाखवले. नोकरी गेलीच, असं धरून चालले होते. साहेबांनी तीन-चार कागद उलटून पाहिले आणि एवढंच म्हणाले की, तुम्ही जे दिलं तेच मी पाहिलं. मग त्यांनी मावशीच्या हातातले कोन घेतले, दोन्ही दाबले, विचार केला आणि मोठ्या विश्वासानं एक पुढे केला.

“तो चांगला हाये साहेब,” मावशी म्हणाली. “पोचट हा.”

साहेबांनी पुन्हा दाबले. पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा हसले. त्या दोन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

टेबल राहिलं. टॅबवाल्यांना फोन गेला. त्यांनी इंग्रजी नाव सुचवलं, बटणाला चित्रही पाठवलं, सुताच्या कोनासारखं काहीतरी. मी म्हटलं, चित्र नको, नुसता पोकळ गोल द्या, आणि खाली ‘पोचट’ लिहा. त्यांनी मला दोनदा स्पेलिंग विचारलं. आता आमच्या चारही टेबलांवर तो गोल आहे, आणि नव्यानं येणाऱ्या बायकांचा अंगठा धरून मावशीच त्यांना पोचट शिकवते. मला टॅबबद्दल लोक विचारतात, कागद बरा होता की हे बरं. मी डोळे झाकून सांगते, हे बरं. तिच्या बोटापासून साहेबांच्या पडद्यापर्यंत आता मध्ये कुणी नाही. मध्ये मी होते, ती निघाले.

पण सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं. गोलाचं बटण बसलं त्या सकाळी मी चौथ्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. मावशीनं सात-आठ कोन तसेच पुढे सोडले. मग एक दाबला, परत दाबला आणि बाजूला ठेवला. बोट पदराला पुसलं आणि गोलावर टेकवलं. शेजारी आकडा उमटला. ती वाकून त्याच्याकडे पाहत राहिली.

“काय लेहलं वं त्यानं?”

“एक.”

“शून्य नाई ना?”

“नाई मावशी. एक.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि तिनं पुढचा कोन उचलला.