वरच्या खोलीतली नारी

गॅसवाल्याची वाट पाहत मी दारातच खुर्ची टाकून बसले होते, तेव्हा तो निरोप आला. नंबर परदेशातला, फोटो एका अनोळखी तरुणाचा. मराठी मात्र होती, फोनने भाषांतर करून दिलेली, जरा अडखळणारी. ‘नमस्कार मावशी. मी नारीचा भाऊ आहे. माझी बहीण परत गेली आहे.’ मी दोनदा वाचलं. परत गेली म्हणजे कुठे गेली? मध्यंतरी ती पुन्हा भारतात यायचं म्हणत होती, त्यामुळे मनात पहिला विचार आला तो वरची खोली झाडून घेण्याचा. मी लिहिलं, ‘परत कुठे?’ मग एकच शब्द आला, ‘देवाकडे.’

तेवढ्यात सिलिंडर आला. त्या माणसाला ओटीपी हवा होता, आणि तो माझ्या फोनवरच यायचा होता. मी फोन पुन्हा उघडला, तर समोर तोच शब्द. आकडे सांगताना माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे, तो म्हणाला, “काकू, बरं नाय का?” मी म्हटलं, “बरी आहे.” दुसरं काय सांगणार होते मी त्याला...

नारी दक्षिण कोरियाची. तिच्या भाषेत नारी म्हणजे लिलीचं फूल. हे आम्हाला नंतर कळलं. पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी ओळख करून दिली, “या नारी,” तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “ते दिसतंय, पण नाव काय?” सगळी मंडळी हसली. तिला काहीच कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. चोवीस वर्षांची असेल. गोल चेहरा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पाठीवर तिच्याहून मोठी वाटेल अशी सॅक. तिच्या शहरातल्या चर्चने चार मुलांना वर्षभराच्या सेवेसाठी इकडे पाठवलं होतं. आमच्या मंडळीचा नाशकात निराधार म्हाताऱ्या बायकांसाठी एक आश्रम आहे, तिथे मदत करायची होती. चौघांपैकी एकजण आजारी पडून माघारी गेला, दोघींना पुढे दुसऱ्या शहरात पाठवलं, आणि नारी एकटी उरली. माझे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरूला. वरची खोली रिकामीच होती. पाळकसाहेबांनी विचारलं, मी हो म्हटलं.

पहिल्याच पहाटे मी दचकून उठले. वरून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता, मध्येच रडल्यासारखा. शेजारच्या वहिनी खिडकीतून विचारायला लागल्या, “तुमच्याकडे भांडण चाललंय का हो?” मी जिना चढून गेले, तर ही गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होती. त्यांच्याकडे पहाटे सगळं चर्च असंच एकदम, मोठ्याने प्रार्थना करतं म्हणे. शे-दोनशे माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळून जातो. इथे तो एकटाच होता, म्हणून तेवढा मोठा वाटला. दुसऱ्या दिवसापासून तिने आवाज इतका खाली आणला, की मला मुद्दाम कान देऊन ऐकावं लागायचं.

मराठी तिला लवकर आली. म्हणायची, “मावशी, तुमच्यात पण क्रियापद शेवटी बसतं. आमच्यासारखं.” आदर मात्र तिला कमी करता येत नसे. त्यांच्या भाषेत मोठ्यांशी चुकूनही एकेरी बोलत नाहीत, तेव्हा धोका नको म्हणून तिने सरसकट सगळ्यांना अहो-जाहो सुरू केलं. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ती सांगायची, “तुम्ही बाजूला व्हा, मला जायचंय.” आश्रमातलं तिचं काम म्हणजे म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, वेणीफणी करणं, डोळ्यांत थेंब टाकणं, आणि शनिवारी सगळ्यांची नखं काढणं. दुपारी येऊन ती स्वतःचे कपडे धुणार, मग पुस्तक घेऊन बसणार. एकदा बाजारातून कोबी आणून, मीठ-मिरची लावून तिने बरणीत मुरत घातला. दोन दिवसांत जिन्यापर्यंत वास आला. वाटीभर मलाही आणून दिला. मी तो भाकरीशी खाल्ला, तर ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हटलं, “छान आहे गं.” ती म्हणाली, “छान नाही, मावशी. आईचा छान असतो. पण खा.”

लोक तिच्याशी चांगलेच वागत. पोरं ‘चायना, चायना’ करत मागे धावायची, कॉलेजातल्या मुली थांबवून सेल्फी घ्यायच्या, रिक्षावाले विचारायचे, ‘मॅडम, कौनसा कंट्री?’ ती सगळ्यांना हसून उत्तर द्यायची. एका संध्याकाळी मात्र ती खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, “काही नाही झालं. आज दिवसभर कोणी माझं नाव नाही घेतलं. सगळे मॅडम म्हणाले.” मी जवळ गेले, शेजारी बसले आणि हाक मारली, “नारी.” तिने “ओ” दिली. आम्ही दोघी हसलो, पण तिचे डोळे भरले होते. त्यानंतर मी येता-जाता तिला उगाचच हाक मारायची. काम नसलं तरी.

आश्रमात सटाण्याकडची एक कौतिकबाई होती. अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसे, आणि त्यामुळे कुणी तिच्याशी फारसं बोलत नसे. जेवायला वाढलं की ताट घेऊन भिंतीकडे तोंड करायची. नारीला तर सगळ्याच भाषा सारख्याच परक्या. तिला कौतिकबाईची भाषा काही वेगळी अवघड वाटली नाही. तिच्या खाटेवर बसून एकेक वस्तू दाखवायची आणि नाव विचारायची. हळूहळू तिच्या मराठीत अहिराणी शिरली. मी विचारायची, “बरी आहेस ना?” तर म्हणायची, “मी बरी शे, मावशी.” कौतिकबाई नखं दुसऱ्या कुणाला काढू देत नव्हती. शनिवारी सकाळपासून दोन्ही हात मांडीवर पसरून नारीची वाट बघायची.

आणि एके दिवशी कौतिकबाईचा मुलगा येऊन तिला घेऊन गेला. कांदा चांगला गेला होता, घराला स्लॅब पडला होता, सूनही तयार झाली होती. आनंदाचीच गोष्ट. पण नारी तेव्हा औषधं आणायला गेली होती. परत आली तर खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढच्या शनिवारी तयार होऊन माझ्यापुढे उभी राहिली. “मावशी, सटाण्याला जाऊ या? फक्त भेटून येऊ.”

पाळकसाहेब म्हणाले, “जा, पण जपून. चर्चची माणसं घरी आली, असं गावात झालं तर त्या माउलीला त्रास व्हायचा.” त्यांचं खरं होतं. तरी आम्ही एसटीने गेलो. सटाण्याहून पुढे दुसरी गाडी, मग रस्त्यावरून आत चालत. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर आमच्या अंगावरून धूळ उडवत जात होते. नारीच्या हातात केळी होती. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण आमच्यामागे अर्धं गाव चालत आलं होतं.

मुलगा ओट्यावरच उभा होता. आम्ही आश्रमातून आलोय हे ओळखल्याबरोबर खाली उतरून आला आणि हळू आवाजात मला म्हणाला, “ताई, राग मानू नका. माय मामाकडं व्हती, असं सांगितलंय आम्ही गावात. तुम्ही आत आले तर समदं उघडं पडंल.” त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. लाज होती. आश्रमात आई ठेवली, हे गावाला सांगायची लाज. मी नारीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तिने केळी त्याच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि वळली.

तेवढ्यात आतून आवाज आला, “कोन शे?” काठी टेकत कौतिकबाई दारात आली. उन्हात डोळे बारीक करून तिने बघितलं. “नारी शे का? ये व पोरी. आठे बस.” मुलगा म्हणाला, “माय, तू घरमा चाल.” तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती ओट्याच्या कडेला बसली, दोन्ही हात मांडीवर पसरले आणि म्हणाली, “मन्हा नखं वाढी ग्यात.”

नारीने माझ्याकडे पाहिलं. मग ती ओट्याखाली, मातीत, कौतिकबाईच्या पुढ्यात बसली. पिशवीतून नेलकटर काढला. म्हातारीचा एकेक हात आपल्या गुडघ्यावर घेऊन, शनिवारी घ्यायची तसाच, ती सावकाश नखं काढू लागली. शेवटी शेजारच्या एका बाईने विचारलंच, “कोन शे वं ही?” मुलगा हातातल्या केळ्यांकडे बघत उभा होता. मला वाटलं, आता हा ‘पाहुणी आहे’ वगैरे काहीतरी सांगेल. तो म्हणाला, “माय नाशिकले आश्रममा राहे ना, तठली पोर शे.” एवढं बोलून त्याने मान वर केली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला. गल्लीत जराशी कुजबुज झाली, आणि मग ज्याची त्याची कामं सुरू झाली. कौतिकबाईने दुसरा हात पुढे केला.

परतीच्या गाडीत मला वाटलं होतं, नारी खुशीत असेल. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तशीच म्हणाली, “मावशी, मला घरी जायचंय.” मी म्हटलं, “पोचूच की आता.” ती म्हणाली, “ते घर नाही. माझ्या आईचं.” इतक्या महिन्यांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. मी तिचा हात हातात घेऊन बसले. ती गेली नाही मात्र. कबूल केलेलं वर्ष तिने पूर्ण केलं, आणि निघायच्या दिवशी वरची खोली अशी लख्ख पुसून ठेवली, की तिथे कुणी राहून गेलं होतं की नाही, असं वाटावं.

तिकडे गेल्यावरही तिने म्हाताऱ्यांच्याच सेवेचं काम धरलं. सणावाराला फोन करायची. मराठी विसरत चालली होती, पण ‘शे’ गेला नव्हता. गेल्या वर्षी कौतिकबाई गेली. तिच्या मुलाने आठवणीने मला कळवलं, मी नारीला कळवलं. ती फोनवर काही बोलली नाही, नुसती होती. शेवटचं बोललो तेव्हा तिने लोकरीची टोपी घातली होती, कानांवरून खाली ओढलेली. मी म्हटलं, “फार थंडी आहे का गं?” ती म्हणाली, “हो मावशी, फार.” मी विश्वास ठेवला. रक्ताचा आजार होता, उपचार वर्षभर चालू होते, हे सगळं आता तिच्या भावाकडून कळतंय. तिशीही गाठली नाही पोरीने.

कुणी गेलं की आपल्याकडे माणसं येतात, बसतात, चहा होतो, गेलेल्याच्या गोष्टी निघतात. नारीसाठी माझ्याकडे कुणीच आलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी आश्रमात गेले. तिथल्या बायका आता सगळ्या नव्या आहेत. एकीला मी सांगायला लागले, तर ती म्हणाली, “बरं, बरं,” आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठली. आमचे पाळकसाहेबही बदलून गेले. नवे आहेत ते भले गृहस्थ आहेत. मी सांगितल्यावर रविवारी प्रार्थनेत त्यांनी तिचं नाव घेतलं, ‘कोरियाच्या आपल्या भगिनी नारी’. पुढच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांची काय चूक... मी मान खाली घालून ‘आमेन’ म्हटलं. अख्ख्या नाशकात तिचं दुःख करणारी मी एकटीच आहे, हे तिथेच बसल्या बसल्या लक्षात आलं.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या भावाचा पुन्हा निरोप आला. ‘आई विचारते, रविवारी दुपारी तुम्हाला फोन केला तर चालेल का? नारी तुमच्याकडे असताना त्या दोघी रविवारी फोन लावून ठेवायच्या. बोलायच्या नाहीत. ही तिचं काम करायची, आई आईचं. आईला आता रविवार जात नाही.’

मला हे ठाऊकच नव्हतं. रविवारी दुपारी वर सामसूम असायची. मला वाटायचं, पोर झोपली असेल.

पहिल्या वेळी पडद्यावर आखूड कुरळ्या केसांच्या एक बाई आल्या. चेहरा गोल, तसाच. आमच्या मंडळीत म्हणतो तसं मी ‘सलाम’ म्हटलं, त्यांनी मान लववली. त्या काहीतरी बोलल्या, मी काहीतरी बोलले. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही. मग त्यांनी फोन कशाला तरी टेकवून उभा केला आणि सुकी बारकी मासळी पुढे ओढून तिची डोकी मोडायला घेतली, आपण सुकट साफ करतो तशी. मीही फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि मेथी निवडायला बसले. मधूनच त्या वर बघायच्या, मधूनच मी.

आता दर रविवारी हे चालतं. जेवण आवरलं की मी भाजी, ताट आणि फोन घेऊन जिना चढते आणि वरच्या खोलीतच जाऊन बसते. तिकडे आपल्या आधी अंधार पडतो. माझ्या खिडकीत अजून ऊन असतं, तेव्हा त्या उठून दिवा लावतात, आणि परत येऊन बसतात.