आत्याचा हिरवा बदली

गिरण्यांच्या संपानंतर आमच्या लालबागच्या चाळीला आत्याइतके धक्के दुसऱ्या कोणीही दिले नाहीत. लग्नाचं विचारायला आलेल्या बायकांना ती शेवाळ दाखवायची. गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ चमच्याने खरवडून बाटलीत भरायची आणि ती बाटली खुशाल साखरेच्या डब्याशेजारी ठेवायची. एकदा शेजारच्या काकूंनी पुदिन्याची चटणी समजून बोट बुडवलं आणि चाटलं. काकू किंचाळल्या, आत्या त्याहून मोठ्याने किंचाळली, "अहो, माझं सँपल!"

शीवच्या पुढे एका प्रयोगशाळेत ती यीस्टवर काम करायची. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं ते. शेवाळातलं कुठलं जनुक काय काम करतं, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती यीस्टमधलं एक जनुक काढून टाकायची. यीस्टची वाढ थांबायची. मग त्या जागी शेवाळातलं एखादं जनुक घालायचं. यीस्ट पुन्हा वाढलं, तर दोन्ही जनुकांचं काम एकच. हे जगाला कळो न कळो, आजोबांना कळलंच पाहिजे, असा तिचा हट्ट. कारण गिरणीतली नोकरी सुटल्यापासून आजोबा खिडकीशी मुके बसून असत, आणि तिला त्यांना बोलतं करायचं होतं. म्हणून तिने गिरणीचीच भाषा काढली. "बाबा, कायमचा कामगार नसला की बदली उभा राहतो ना? तसा शेवाळाचा बदली यीस्टच्या खात्यात पाठवलाय. खातं चाललं, की समजायचं त्याला काम येतं." आजोबांनीही बदली म्हणूनच सुरुवात केली होती, त्यांचा जीव त्या हिरव्या बदलीत अडकला. ती घरी आली की विचारायचे, "रवलो काय बदली उभो?"

कित्येक वर्षं तो काही उभा राहिला नाही. मग एका संध्याकाळी आत्या चपला हातात घेऊन जिने चढत आली. "बाबा, वाढलं यीस्ट!" आम्ही सगळे ओरडलो. आजोबांनी मात्र विचारलं, "आणि मूळचो कामगार खंय गेलो?"

"त्याला आम्हीच काढलं ना."

"कित्याक? तेचो काय गुन्हो?"

संप फसल्यावर आजोबा गेटवर गेले, तेव्हा आत त्यांच्या कापडाच्या मागावर दुसराच बदली उभा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं आपण त्यांना काय समजावत होतो, ते आत्याला त्या क्षणी कळलं. "बाबा, मूळचं, काहीच न काढलेलं यीस्टही आहे," ती कसंबसं म्हणाली, "फ्रीजरमध्ये जपून ठेवलंय. जिवंत आहे."

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. "मगे तेका परत कधी बोलवतलंस?"

एरवी कोणाचंही तोंड बंद करणारी आमची आत्या त्यांच्या पायाशी बसली आणि लहान पोरीसारखी रडली.