आक्काचं वेगळं ताट

लोक बुवांच्या नादी का लागतात, असं कुणी विचारलं की मला आता वाद घालायचा कंटाळा येतो. एके काळी लई हौस होती. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात शाळेवर शास्त्र शिकवायचे. अंगारेधुपारे म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा माझ्याकडं होती. तिला क्षय झाला म्हणून वैरागच्या सासरच्यांनी एका ट्रंकेसकट माझ्या दारात आणून सोडलं होतं. मी एकटीच राहायचे. शाळा सांभाळून रोज तिला सरकारी दवाखान्यात सुईला नेलं. सुया संपल्या, गोळ्या सुरू झाल्या. वर्षभर एकही चुकवायची नाही, नाहीतर दुखणं उलटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आक्का अंग धरू लागली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग शेजारणीनं तिला महाराजांकडं नेलं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या मागं पत्र्याचं शेड, दर गुरुवारी गर्दी. चौथ्या गुरुवारी आक्कानं गोळ्या बंद केल्या. औषधानं श्रद्धा पातळ होते, असं महाराज म्हणाले म्हणे. मी कपाळावर हात मारला. चिडले, रडले, शेजारणीशी भांडले, डबीतला अंगारा फेकून दिला. आक्का ढिम्म.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मीच तिच्याबरोबर गेले. महाराज म्हणजे कळकट कफनीतला, आवाज बसलेला साधा माणूस. हवेतनं अंगारा काढायचा. पुडी बाहीत होती, मला तिसऱ्या रांगेतनं दिसत होती. परत येताना मी आक्काला सगळं फोडून सांगितलं, वर्गात सांगावं तसं.

ती म्हणाली, "मला दिसत न्हाय व्हय? बाहीतनंच काढतोय की."

"मग कशाला जातेस गं?"

"माझ्या बशीतला उरलेला च्या प्याला त्यो. समद्यांम्होरं. तू अजून माझं ताट येगळं घासतीस. आता कुणाला धोका न्हाय, भांडी एकत्र करा, असं डॉक्टरनं तुझ्याम्होरंच सांगितलं हुतं की."

सांगितलं होतं. त्याला तीन महिने झाले होते. मी मान डोलावली होती आणि घरी येऊन तिचं ताट, तिचा तांब्या मोरीच्या कडेलाच ठेवत राहिले होते. शास्त्राची बाई ना मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. आक्काच्या बशीत घोटभर उरला होता. मी बशी उचलली आणि तिच्यादेखत तो पिऊन टाकला. तिचे डोळे भरून आले. उठून तिनं फळीवरची गोळ्यांची बाटली काढली आणि मांडीवर घेऊन बसली.

मी भांडी घेऊन मोरीत गेले आणि चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. हात आपोआप पाण्याकडं गेला होता. वळून बघते तर आक्का दारात उभी, बाटली हातात तशीच.

तिनं बाटली परत फळीवर ठेवली. गुरुवारी नेहमीसारखी महाराजांकडं गेली. गोळ्या तिनं पुन्हा घेतल्या नाहीत. दिवाळी तिनं पाहिली नाही.