पिंजऱ्यातून उतरल्यावर

मी भित्री नाही, असं मी आयुष्यभर समजत आले. कुणी विचारलं असतं तर पुराव्यासकट सिद्धही केलं असतं. तालुक्याच्या कोर्टापासून सुरुवात करून जिल्हा व सत्र न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेली बाई मी. खुनाचे खटले चालवले, दरोडेखोरांना जन्मठेपा दिल्या. एकदा शिक्षा ऐकून आरोपीनं भर कोर्टात माझ्या दिशेनं चप्पल भिरकावली, तर मी ती उचलून न्यायला सांगितली आणि पुढचं प्रकरण पुकारायला लावलं. गावात लोक म्हणायचे, बाई नाही, वाघीण आहे. मलाही ते खरं वाटायचं, कशाला खोटं बोलू!

आणि तीच वाघीण गेल्या वर्षी डब्लिनमध्ये, ओंगार नावाच्या उपनगरातल्या लेकीच्या घरात पडद्याआड उभी राहून समोरच्या घराकडे बघत लटलट कापत होती.

झालं असं. जूनचा महिना होता. तिथे त्या दिवसांत जेवणं उरकली तरी बाहेर लख्ख उजेड असतो. मी घरासमोर शतपावली घालत होते. कोपऱ्यावरच्या घरात नागपूरचा एक इंजिनिअर भाड्यानं राहायचा, एकटा, अगदी सालस. मला काकू म्हणायचा, बाजारातून कोथिंबीर आणली की अर्धी जुडी मला आणून द्यायचा. तो ऑफिसातून परत येत होता. समोरच्या घरातला माणूस त्याच्या मागून आला आणि त्यानं याच्या डोक्यात काहीतरी हाणलं. खाली पडल्यावरही लाथा घालत राहिला. हा मारणारा माझ्या रोजच्या बघण्यातला होता. चाळिशीचा, आईबरोबर राहायचा, रविवारी गाडी धुवायचा. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेचना. मारून झाल्यावर त्यानं वळून माझ्याकडे बघितलं आणि सावकाश चालत निघून गेला.

इंजिनिअरचा जबडा मोडला आणि डावा डोळा गेला. मारणारा मागून आल्यामुळे त्याला चेहरा दिसलाच नव्हता. बाकी कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे साक्षीदार मी एकटी.

त्या दिवशी पोलिसांना मी कसा फर्मास जबाब दिला! कुठे उभी होते, काय दिसलं, कोण होता, सगळं क्रमानं. तो गार्डा, म्हणजे तिथला पोलीस, खूश झाला. मीही खूश. भीती नंतर आली, हळूहळू, पाय न वाजवता.

त्या माणसाला जामीन मिळाला, पण आमच्या गल्लीत फिरकायचं नाही अशी अट होती. तो फिरकला नाहीच. त्याचे मित्र फिरकले. टोप्या डोळ्यांवर ओढून दोघं समोरच्या भिंतीला टेकून उभे राहायचे, बोलायचे नाहीत, काही करायचे नाहीत. फक्त आमच्या खिडकीकडे बघायचे. कायद्यानं त्यांना काय म्हणणार, डोंबल? भिंतीला टेकणं हा गुन्हा नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्याची आई पूर्वी मला बघून हात करायची. आता तिच्या खिडकीचे पडदे दिवसाही ओढलेले असत. मला वाटायचं, त्या पडद्यामागून ती माझ्यावर नजर ठेवून आहे आणि घरात कोण कधी येतं-जातं ते लेकाला कळवते आहे.

मग एक दिवस नात शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता तिच्या त्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, रस्त्यावरचा एक माणूस विचारत होता, तू इंडियाला परत कधी जाणार?"

आठ वर्षांची पोर ती! लेकीनं ऐकलं आणि ती पांढरीफटक पडली. नात वर गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, तू कोर्टात सांग ना, नीट दिसलं नाही म्हणून. वय झालंय, चष्मा आहे. कोणी काही म्हणणार नाही."

"अगं, मी खोटं बोलू? मी?"

"तू सहा महिन्यांनी जाशील पुण्याला. आम्हाला इथेच राहायचंय!" ती रडायलाच लागली. "हिला रोज त्याच रस्त्यानं शाळेत जायचंय, आई."

तिचं खरं होतं. माझ्या कोर्टात किती साक्षीदार फितूर झाले असतील. पोलिसांना एक सांगितलेलं, माझ्यासमोर उभं राहिल्यावर "आठवत नाही, साहेब". मला चीड यायची. पैसे खाल्ले असतील मेल्यांनी, असं वाटायचं. त्यांच्याही घरी शाळेत जाणारी पोर असेल, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आणि आता मी न्हाणीघरात नळ सोडून, आरशासमोर उभी राहून म्हणून बघत होते, "नीट दिसलं नाही." चांगलं जमत होतं की मला.

साक्षीच्या आदल्या दिवशी इंजिनिअर आला. जबडा बरा झाला होता, पण डोळा तसाच. सोफ्यावर टेकला, चहा घेतला. म्हणाला, "काकू, मी उद्या येईन तिकडे. तुम्ही आहात म्हणून थांबलोय, नाहीतर कधीच नागपूरला गेलो असतो. त्याला शिक्षा होवो न होवो. पण हे माझ्याबरोबर झालं, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणायला पाहिजे ना?" लेक स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी नुसती मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ माझा मलाच माहीत नव्हता.

सकाळी जावयानं मला कोर्टापाशी सोडलं आणि तो चेरीवूडला ऑफिसला गेला. पुकारा झाला. जन्मभर मी वर बसले होते, आज पहिल्यांदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. समोर बारा माणसांची ज्युरी. पलीकडे तो, सुटाबुटात, दाढी करून आलेला. त्याच्या मागच्या बाकावर त्याची आई, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी शपथ घेतली तेव्हा माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. बरं झालं, पिंजऱ्याला लाकडी आडोसा होता.

सरकारी वकील विचारत गेले, मी सांगत गेले. काय सांगायचं हे अजूनही ठरलेलं नव्हतं, शप्पथ. पण कोपऱ्यात तो नागपूरचा एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता आणि तोंडातून खरं तेच येत गेलं. मात्र प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते. सवय! आमच्याकडे साक्षीदार एक वाक्य बोलतो, न्यायाधीश ते टायपिस्टला सांगतो, टायपिंग होईपर्यंत सगळे थांबतात. इथे सगळं आपोआप ध्वनिमुद्रित होत होतं आणि मी वेड्यासारखी टायपिंगची वाट बघत होते.

आरोपीच्या वकिलानं ते बरोबर हेरलं. उंच, गोड बोलणारा गडी.

"बाई, तुम्ही प्रत्येक उत्तरात फार थांबता. आठवत नाही, की खात्री नाही?"

"आमच्या कोर्टात टायपिंगसाठी थांबावं लागतं," मी म्हणाले.

"तुमचं कोर्ट?"

मग सांगावंच लागलं. ज्युरीतले दोघं-तिघं पुढे सरकून बसले. वकील क्षणभर गडबडला, पण पक्का होता.

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. घाबरलेला माणूस चुकीचं बघतो. त्या दिवशी तुम्ही घाबरला होतात ना?"

"हो."

"खूप?"

"खूप," मी म्हणाले. आणि मग मला इतका राग आला, त्याचा, त्या टोपीवाल्यांचा, माझ्या कापणाऱ्या गुडघ्यांचा, की मी थांबले नाही. "मी आत्ताही घाबरलेली आहे. काल होते, परवा होते. माझ्या नातीसाठी मी रोज घाबरते. आणि तरी तुम्ही मला स्वच्छ दिसता आहात, साहेब. तोही दिसतोय. तोच होता."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी माझे आभार मानले आणि उतरायला सांगितलं.

साक्षीदार पिंजऱ्यातून उतरल्यावर कुठे जातो, हे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मी आपली मागच्या दारानं चेंबरमध्ये जायचे, तिथून सरकारी गाडीत. गार्डानं मला घरी सोडायची तयारी दाखवली, पण पोलिसांच्या गाडीतून गल्लीत उतरून आणखी शोभा नको म्हणून मी बस पकडली. खालच्या मजल्यावर खिडकीपाशी बसले. शहर संपायच्या आत शेजारची सीट खाली दबली. बघते तर त्याची आई.

बाई गं, आता ही काय करणार? ओरडणार, थुंकणार, की शांतपणे कानात काही सांगणार? बस भरलेली होती, उठून जायला जागा नव्हती. ती समोर बघत बसून राहिली. कितीतरी थांबे गेले.

"तुम्ही जज होतात," ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक, घोगरा.

मी मान हलवली.

"दोषी ठरला तर किती वर्षं देतील?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. किती आरोपींच्या आया कोर्टाच्या आवारात उभ्या राहून नुसत्या नजरेनं हेच विचारायच्या. मी सावधपणे म्हणाले, "इथला कायदा मला नीट माहीत नाही. काही वर्षं. कदाचित कमीही होतील." तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले.

तिनं झटकन माझा हात धरला. कोटाची बाही वर सरकली. मनगटाच्या वर, पिवळे पडत चाललेले, चार बोटांचे वळ होते. गल्लीत न फिरकणारा तो आईला बाहेर भेटत होता तर.

"कमी नको," ती म्हणाली. "कमी नको हो."