दुखवट्याचा टँकर

आमच्या वॉर्डाचा राजानंद नगरसेवक झाला, तेव्हा घरोघरी नळ देतो म्हणाला होता. नळ दिले, पण कोरडे. आता त्याची अख्खी सकाळ टँकरवाल्याला फोन करण्यात जाते, तरी पाळीचा टँकर येत नाही. त्याचं चालतं ते एकाच बाबतीत. ज्या घरी मयत झाली, तिथं तो जल्दी टँकर उभा करतो. प्रेताला अंघोळ घालायला तरी पाणी नको का? उरलेलं त्या गल्लीनं वाटून घ्यायचं, असा रिवाजच पडला. मग काय, कुठं रडणं ऐकू आलं, की बाया आधी घागरी काढायच्या.

परवा राजानंदचीच आई गेली. टँकर आला, आईची अंघोळ झाली आणि दारातच घागरींची रांग लागली. मागच्या गल्लीतली चांगुणाबाई आली, तर लोकांनी तिला हुसकून लावलं.

ती तरातरा ओट्यावर बसलेल्या राजानंदपुढं आली.

"भाऊ, आमच्या गल्लीत कोनी मरंनाच. मंग आम्ही पानी प्यावं का न्हाई?"